माळवदावरची चिनी कसरत

खोली दाखवताना घरमालक भाड्याचं बोलतात, पाण्याचं बोलतात, फार तर दाराला कडी किती वाजता लागते ते सांगतात. हुमनाबादच्या आमच्या सुभेदारांनी माझे गुडघे दाबून पाहिले. मी उंबऱ्यात उभा, बगलेत वळकटी, हातात कंदील, आणि हा पन्नाशीचा गृहस्थ माझ्यापुढं उकिडवा बसून बाजारात बैलाचे बघतात तसे माझे पाय बघतोय.

"कच्चे हायत," ते म्हणाले. "पण चालतील. खोली तुमची, मास्तर. सकाळी पाचला माळवदावर यायचं."

"कशाला?"

"चिनी कसरतीला."

मी उदगीरहून बदली होऊन आलेला, शाळेत गणित शिकवणारा माणूस. पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. निजाम गेला, नवं सरकार आलं, आणि नव्या सरकारनं काय केलं असेल तर गावोगाव कचेऱ्या वाढवल्या. हुमनाबाद पडलं सडकेवरचं गाव. जो तो कारकून तिथंच येऊन उतरायचा आणि मिळेल ती खोली बळकावून बसायचा. मी आठ दिवस धर्मशाळेत ढेकणांना रक्त पाजलं होतं. अशा अवस्थेत माणूस चिनी काय, रशियन कसरतीलाही हो म्हणतो. मी हो म्हणालो.

वळकटी खाली टाकल्यावर त्यांनी दुसरी अट सांगितली. "लगीन झालंय न्हवं? मग बिऱ्हाड आणायची घाई करू नका. कसरत पुरी शिकल्याबिगर या घरात बायको आणायची न्हाई."

मला वाटलं, थट्टा करतायत. बायको बाळंतपणाला माहेरी, मुलगी दोन महिन्यांची. तिला मी एकदाच पाहिली होती, तीही झोपलेली. मी म्हणालो, "अप्पा, हा काय नियम झाला?"

"झाला. आदीच्या तीन भाडेकरूंनी झालाय. बायको आली की माणूस माळवदावर येत न्हाई. च्या पीत बसतो."

मी मनाशी हिशेब केला. कसरत म्हणजे असून असून किती असणार? आपण गणिताचे मास्तर, डोकं तल्लख, पाय तरणे. महिनाभरात उरकू, दिवाळीला बिऱ्हाड आणू. तसं मी बायकोला लिहूनही टाकलं. गाढवपणा म्हणतात तो हाच.

पहिल्या सकाळी मी धोतराचा काच्या मारून, दोन-चार बैठका काढून, अंग गरम करूनच वर गेलो. आमच्याकडच्या मातीच्या सपाट छपराला माळवद म्हणतात. वर सुभेदार पुढं आणि त्यांच्या मागं सातजण पूर्वेकडं तोंड करून उभे होते. नुसते उभे. मीही उभा राहिलो. बऱ्याच वेळानं सुभेदारांचा उजवा हात हलल्यासारखा वाटला. खरंच हलला की मला भास झाला, हे कळायच्या आत तो कमरेपर्यंत आला होता. सगळ्यांचे हात तसेच आले. मी आपला हात झटकन वर नेला आणि पुढच्या हुकमाची वाट बघत राहिलो.

"मास्तर," सुभेदार मागं न बघता म्हणाले, "माशी मारायलाव का?"

सगळे हसले, तेही हळूच. मी हात खाली घेतला आणि पुन्हा वर न्यायला लागलो. ते म्हणाले, हळू. मी हळू केलं. ते म्हणाले, आणखी हळू. असं करता करता माझा हात इतका हळू जायला लागला की तो माझाच आहे का अशी शंका यायला लागली. खांदा भरून आला, मांड्या थरथरायला लागल्या, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. आणि अंगात जोर म्हणून काही लावलेलाच नाही! दंड-बैठकांनी घाम आला तर माणूस मिशीला पीळ देतो. नुसतं उभं राहून घामाघूम झालेल्या माणसानं काय करावं? तासाभरानं ते म्हणाले, "बास." मी विचारलं, आज किती झालं?

"आर्दं."

"अर्धी कसरत?"

"पैल्या पवित्र्याचं आर्दं."

मी खाली आलो तेव्हा सुभेदारांची बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. सगळे तिला अक्का म्हणायचे. माझे पाय बघून तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "झालं कोरड्यात पोहून?" अक्का त्या कसरतीला याशिवाय दुसरं नाव घेत नसे. ती कधी जिना चढून वर गेली नव्हती, आणि जाणारही नव्हती. "एक खुळा घरात हाय तेवडा पुरे," म्हणायची.

सुभेदार हे सुभेदार नव्हते, हे मला महिन्याभरानं कळलं. निजामाच्या फौजेत ते भटारखान्यात होते. त्यांच्या हातात आलेलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे कढईतला झारा. लढाईत पलटण सिंगापूरला गेली, जपान्यांच्या कैदेत सापडली, आणि त्याबरोबर झाराही. सुटून आले तेव्हा गावानं बस-स्टँडावरच त्यांना सुभेदार करून टाकलं. त्यांनी चार दिवस नको-नको म्हटलं, मग सोडून दिलं. खरं सांगण्यात फार वेळ जायचा, आणि त्यांचा वेळ तसाही फार जायचा.

कारण हा माणूस सगळंच त्या कसरतीच्या चालीनं करायचा. दार लोटायला लागले की आतला माणूस आपलं काम उरकून घेई. जेवायला बसले की अक्का त्यांना वाढून शेजारणीकडं जाऊन, तिची उणीदुणी ऐकून, परत येऊन दुसरी भाकरी वाढायची. बसला हात केला की ती निघून जायची आणि हे हात खाली घेत असायचे. एकदा स्वयंपाकघरात साप निघाला. अक्का किंचाळली, मी काठी शोधायला धावलो. सुभेदार उठले, खुंटीवरचा रुमाल घेतला, झटकला, डोक्याला बांधला. तोवर साप कंटाळून निघून गेला. "बगा," ते म्हणाले, "कुणाला काय झालं का?" कुणालाच काही झालं नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं.

वर्गात मला धरून आठ माणसं. त्यांतले दोघे लक्षात राहण्यासारखे. एक शरणप्पा, कापडाचे व्यापारी. कपडा मोजून मोजून हात लांब झालेले आणि गादीवर बसून बसून पोट. माळवदाचं लाकूड जुनं होतं, म्हणून सुभेदारांनी त्यांना तुळईच्या बरोबर वर उभं राहायची जागा खडूनं आखून दिली होती. शरणप्पा त्या रेघेबाहेर गेले की खालून अक्का ओरडायची, "माती पडायलीय पिठात!" दुसऱ्या पवित्र्यात डावा तळहात छातीपुढं धरायचा असतो. शरणप्पा लिंगायत, तळहातावर लिंग घेऊन रोज पूजा करणारे; त्यांनी तो धरला की जन्माच्या सवयीनं त्यांचे डोळे मिटायचे आणि ओठ हलायचे. सुभेदार म्हणायचे, "शरणप्पा, लिंगपूजा घरी झाली न्हवं? मग डोळे उघडा." शरणप्पा डोळे उघडायचे आणि ओशाळून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायचे.

दुसरा जमादार. हा जुन्या सरकारात पोलीस जमादार होता आणि नव्या सरकारातही जमादारच राहिला. नोकरी टिकली याची त्याला इतकी धास्ती होती की निष्ठा दाखवायला तो रोज काहीतरी शोधायचा. एका पहाटे त्याला माळवदावर हात वर करून उभी असलेली माणसं दिसली. त्यानं लगेच रपट लिहिली: सात इसम अंधारात जमतात, हात हलवतात, घोषणा देत नाहीत, हे विशेष संशयास्पद आहे. वरून हुकूम आला, लक्ष ठेवा. गल्लीतून वर बघून बघून त्याची मान आखडली, तेव्हा तो माळवदावर येऊन उभा राहायला लागला. नुसतं उभं राहिलं तर संशय येईल, म्हणून हात हलवायला लागला. दोन महिन्यांत त्याची दहा वर्षांची पाठदुखी गेली. आता पंचाईत आली. गुन्हा नाही म्हणून लिहावं तर येणं बंद, आणि गुन्हा आहे म्हणून लिहावं तर कसरत बंद. तेव्हापासून तो दरमहा एकच ओळ लिहायचा: तपास चालू आहे. लिहायचा उर्दूत. नवा साहेब आला होता मद्रासकडून, त्याला उर्दूचं एक अक्षर कळत नसे. तो खाली इंग्रजीत सही करायचा.

पवित्र्यांची नावं सुभेदारांनी स्वतःच पाडली होती. चिनी नावं त्यांना माहीत नव्हती. पोतं कवटाळणं, तूर पाखडणं, मांजर हाकलणं, सासऱ्याला वाट देणं, असली ती नावं. मी सरळ हिशेबाचा माणूस, मला नावांशी काय करायचंय? मी विचारलं, "अप्पा, एकूण किती?"

"लई हायत."

"लई म्हणजे किती? पन्नास? शंभर?"

"मास्तर, भाकरी खाताना घास मोजताव का तुमी?"

मोजत होतो. मी सगळंच मोजत होतो. दिवाळी गेली तेव्हा मी सहाव्यावर होतो. बायकोचं दर आठवड्याला कार्ड यायचं. आधी त्यात मुलीचं बाळसं, तिची टाळू, तिचं हसणं असायचं आणि शेवटी एक ओळ, आणखी किती राहिले? पुढं पुढं मुलीचं कमी होत गेलं आणि शेवटची ओळ वर सरकली. संक्रांतीला मी बारावर. उन्हाळ्यात एकोणीस. सुट्टीत सासुरवाडीला गेलो तर मुलगी मला बघून रडायला लागली आणि मामाच्या खांद्याला चिकटली. सासऱ्यांनी पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "काय म्हणतो चीन?" मी मान खाली घालून जेवलो.

दुसरी खोली का नाही शोधली म्हणाल, तर शोधली. सुट्टीच्या प्रत्येक दिवशी शोधली. एक मिळाली ती गुळाच्या गोदामाला लागून, माश्यांसकट. दुसऱ्या खोलीचा मालक म्हणाला, मास्तर लोकं चालत नाहीत, भिंतीवर पाढे लिहितात. शेवटी मी कसरतीलाच दात-ओठ खाऊन लागलो. आणि एक विचित्र गोष्ट अशी की शरीर ऐकायला लागलं होतं. वर्गात पोरं गोंधळ घालायची तेव्हा पूर्वी माझा हात छडीकडं जायचा. आता जायचा, पण इतका सावकाश की पोहोचेपर्यंत पोरंच गप्प व्हायची. हे मी सुभेदारांना सांगितलं नाही. कशाला सांगायचं?

एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली होती. या वर्गात पुढं गेलेला माणूस मागंच दिसायचा. शरणप्पा तीन वर्षं नवव्यावर होते, पण त्याआधी एकदा अठ्ठाविसावर जाऊन आले होते. जमादार तिसापर्यंत गेला होता, आता पुन्हा अकरावर. कुणी जरा वर चढला की सुभेदार काहीतरी खोट काढायचे आणि म्हणायचे, पैल्यापासून. लोक निमूट पहिल्यापासून सुरू करायचे. माझ्यासारखी घाई तिथं कुणालाच नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात मी एकतिसाव्यावर पोचलो. त्याचं नाव ओढा ओलांडणं. उजव्या पायावर सगळा भार घ्यायचा आणि डावा पाय उचलून पुढं अधांतरी धरायचा, पाण्यात दगड चाचपल्यासारखा. मी पाय उचलला, तोल सांभाळला आणि बत्तिसाव्याची वाट बघत राहिलो. सुभेदार माझ्याकडं बराच वेळ बघत होते.

"खांदा चढला," ते म्हणाले. "पैल्यापासून."

मी पहिल्यापासून केलं. पाच महिने लागले. पुन्हा ओढ्यावर आलो, पाय उचलला. खांदा खाली होता, याची मी खात्री करून घेतली होती.

"नजर ढळली. पैल्यापासून."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी पाय आपटून सांगितलं, अप्पा, नजर ढळली नव्हती. तुम्हाला माझी बायको इथं येऊ द्यायची नाही, म्हणून हे चाललंय. माझी पोर चालायला लागली, ती मला ओळखत नाही, आणि तुम्ही इथं मांजर हाकलायला शिकवताय! माझ्या पाय आपटण्यानं खाली पिठात ढेकूळ पडलं असावं, पण अक्का त्या दिवशी ओरडली नाही. सुभेदार वळले. जिन्याकडं निघाले, आणि त्यांची ती सावकाश पाठ माळवदावरून दिसेनाशी व्हायला इतका वेळ लागला की माझा राग तोवर उभा राहून दमला.

मी अक्काला विचारलं, "यांच्या मनात आहे तरी काय?"

"मला काय इचारताव?" ती म्हणाली. "मी खालीच ऱ्हाते." पण तिनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं-मागं केलं, हे मी बघितलं.

त्या हिवाळ्यात, जत्रेच्या दिवसांत, हुमनाबादेत एक चिनी आला. हैदराबादेहून बसनं आलेला, दात बसवणारा. घडीची खुर्ची, काचेच्या पेटीत प्लास्टरचे जबडे, डोक्याला फेल्ट टोपी. शरणप्पांची दाढ आठ दिवस ठणकत होती, म्हणून ते त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. आ केला, त्याचं तोंड नीट बघितलं, आणि आ तसाच ठेवून ताडकन उठले. चिनी! खरा चिनी! दाढ राहिली बाजूला. त्यांनी त्याच्या मनगटाला धरलं आणि बाजारातून ओढत आणलं. पुढं शरणप्पा, मागं चिनी, त्याच्या मागं पेटी घेतलेला हमाल, आणि त्याच्या मागं जत्रेतली निम्मी माणसं. बातमी कानोकान गेली, सुभेदारांचा चिनी आला. आता कसरतीचा निकाल लागणार.

बिचारा सारखा म्हणत होता, "अजी साब, पैले दाढ तो दिखाओ!"

ते ऐकून लोक हिरमुसले. "ह्ये कसला चिनी?" एकजण म्हणाला. "ह्येनं तर आपल्यासारखंच बोलायलाय." तो हैदराबादेतच जन्मलेला, बापही दात बसवणारा. शरणप्पांनी सगळ्या वर्गाचे दात त्याला दाखवायचं कबूल केलं तेव्हा तो जिना चढला.

माळवदावर आम्ही आठजण आणि तो. बाकीच्यांना जमादारानं लाकडाच्या नावाखाली अडवलं, म्हणून ते शेजारच्या माळवदांवर चढले. सडकेवर दोन लॉऱ्या थांबल्या. सुभेदार वर आले आणि त्या माणसाला बघून जिन्यातच उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते आल्यापावली खाली गेले, धुतलेला सदरा घालून आले, त्याच्यापुढं हात जोडून वाकले आणि म्हणाले, "मी करून दावतो. तुमी बगा."

तो काही बोलणार होता, पण शरणप्पा म्हणाले, "बगतेत, बगतेत! चिनीच हायत ते!"

सुभेदारांनी सुरुवात केली. मी तोवर त्यांना सबंध कसरत करताना कधी पाहिलंच नव्हतं, कारण पुढं बघून आपले पाय सांभाळण्यातच आमचा जीव जायचा. आज मी नुसता उभा होतो. काय सांगू तुम्हाला! ती सोळा आण्यांची गोष्ट होती. हा कांदे सोलणारा, जाडसर बोटांचा माणूस पोतं कवटाळत होता, तूर पाखडत होता, आणि दोन्ही लॉऱ्यांचे ड्रायव्हर बिडी ओढायचं विसरले होते. मी सवयीनं मोजत होतो. तीस झाले. एकतीस. डावा पाय वर आला, पुढं सरकला आणि थांबला.

तसंच उभं राहून त्यांनी फक्त नजर वळवली. "पुडचं सांगा," ते म्हणाले.

चिनी गोंधळला. त्यानं टोपी काढली. "मैं? मैं क्या जानूँ, साब? मेरेकू दांतां का काम आता. ये तो मैं आज पैली बार देखा."

शेजारच्या माळवदावरून कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग सगळेच हसले. शरणप्पा त्या दात बसवणाऱ्याला दटावायला लागले, "नीट आटवून बगा हो, घरात कुणी तरी करत आसंल!" जमादारानं वही उघडली आणि विचारलं, "मग हे चिनी हाय का न्हाई? मी लिहू काय?" आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खांदा चढला नव्हता. नजर ढळली नव्हती. बत्तिसावा नव्हताच. या माणसानं मला आणि सगळ्यांना ओढ्यापाशी नेऊन परत पाठवलं होतं, कारण पुढं काय आहे ते त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

मी सगळ्यांदेखत ओरडलो, "अप्पा, तुम्हालाच येत नाही!"

आज त्या ओरडण्याची लाज वाटते. त्या दिवशी नव्हती वाटली.

"व्हय," सुभेदार म्हणाले. पाय तसाच वर होता. "न्हाई येत."

हसणं थांबलं. मग त्यांनी त्या एका पायावर उभं राहूनच सांगितलं, थांबत थांबत. कैदेत त्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. चालता येईना, आणि चालता न येणाऱ्याचं तिथं काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं. एक चिनी म्हातारा भटारखान्याला भाजी द्यायला यायचा. त्यानं तारेच्या पलीकडून एक हात हलवून दाखवला, म्हणजे तू पण कर. याची भाषा त्याला येत नव्हती, त्याची याला. रोज एक पवित्रा. सूज उतरायला लागली.

"एकतिसाव्या दिशी त्येनं पाय उचलला. मी बी उचलला. आन शिपाई आले त्येला न्यायला. का नेलं, मला ठाव न्हाई. त्येचा पाय तसाच वर हुता. तसाच ओडला त्येला." त्यांचा उजवा गुडघा आता लटलट कापत होता. "मी पाय खाली ठिवला आन पळालो. कढईमागं जाऊन बसलो. परत काय तो दिसला न्हाई. म्हनून पुडं जात न्हाई मी. कुणाला जाऊ बी देत न्हाई."

त्यांच्या पायाची थरथर सगळ्या अंगात चढली होती, पण वरचा पाय काही खाली येईना. मला पुढं व्हायला हवं होतं. माझे पाय हलले नाहीत.

तेवढ्यात जिन्यातून अक्का वर आली. हाताला पीठ तसंच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्या माळवदावर आली होती. तिनं आमच्यापैकी कुणाकडं बघितलं नाही. सरळ जाऊन त्यांचं कोपर धरलं.

"ठेवा आता पाय खाली," ती म्हणाली. "किती वर्सं धरलाव वर. दुखायलाय न्हवं?"

ते तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पाय खाली ठेवला. हळू ठेवला, टाच आधी, मग चवडा, मग बोटं. सगळा भार त्या पायावर घेतला आणि उभे राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शरणप्पा तर तुळईवरची आपली रेघ सोडून मोठ्यानं रडत होते.

सुभेदार माझ्याकडं वळले. "मास्तर, झाली कसरत. बिऱ्हाड आणा."

मी म्हणालो, "अप्पा, मी उगाच..."

"आणा पोरीला," ते म्हणाले आणि कठड्यावर बसले. अक्का पदरानं त्यांचं तोंड पुसत होती, ते तिच्या खांद्यावरून कुठंतरी भलतीकडंच बघत होते. "एक गोष्ट लई खाते मला. येवडे दिस शिकलो त्येच्यापाशी. पाय दिले त्येनं मला. आन त्येचं नाव न्हाई इचारलं मी. म्हाताराच म्हनत ऱ्हायलो. चिनी म्हातारा."

तो दात बसवणारा आपली पेटी उचलून निघाला होता. तो जिन्याशी थांबला. रागावून बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो हसतच बोलला.

"मेरा भी कोई नै पूछे, साब. सुबू से सब लोगां चिनी-चिनी बोल रैं."

आम्ही आठजण एकमेकांकडं बघायला लागलो. शरणप्पांनी त्याला बाजारभर मनगटाला धरून फिरवलं होतं. जमादाराच्या वहीत त्याच्याविषयी अर्धं पान भरलं होतं.

सुभेदार कठड्यावरून उठले. या खेपेला मात्र झटकन उठले, मी त्यांना एवढं झटकन उठताना कधीच पाहिलं नव्हतं. त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. त्यांना ते नीट म्हणता येईना, तेव्हा त्यानं पुन्हा सांगितलं, आणि बरोबर जमेपर्यंत ते म्हणत राहिले. मी तिथंच होतो, हातभर अंतरावर, माझ्या कानांनी ते नाव दहा वेळा तरी ऐकलं असेल. मला आठवत नाही.